वाचनालयातील जुने-नवे फोन : सॉफ्टवेअर बदलांच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयाने अभ्यासिकेसाठी लोकांकडून पडून असलेले फोन मागितले होते. आजपर्यंत सात जमा झाले. कर्नाटकातील मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात मिळतात, परंतु बहुतेक घरांत एकच चालता फोन असतो आणि तो वडिलांबरोबर शेतावर किंवा बेळगावला कामावर जातो. मुलाच्या हाती तो येतो रात्री नऊनंतर, तोही चार्जिंग संपत आलेला. म्हणून हा खटाटोप.

गावातील तरुण मंडळींचे म्हणणे असे, की कस्टम रॉम (कंपनीच्या अँड्रॉइडऐवजी स्वयंसेवकांनी तयार केलेली अँड्रॉइडची आवृत्ती) टाकला की जुना फोन पुन्हा पळू लागतो. हे ऐकून सातही फोनवर एका दमात काम सुरू करता आले असते, पण काय बदलल्याने काय सुधारले हे कळल्याशिवाय पुढच्या वर्षी येणाऱ्या फोनांचे काय करायचे ते कोणाला सांगता येणार नाही. त्यामुळे चार फोन चाचणीसाठी वेगळे काढले आहेत. अ-१ आणि अ-२ हे एकाच मॉडेलचे, २०१७ साली घेतलेले, स्नॅपड्रॅगन ६२५ प्रोसेसर, ३ जीबी रॅम आणि ३२ जीबी ईएमएमसी (जुन्या, संथ प्रकारचे) स्टोरेज असलेले आहेत. ब हा त्याहून जुना, ३२ बिटचा, चार कॉर्टेक्स-ए७ कोअर (प्रोसेसरमधले गणित करणारे भाग) आणि केवळ १ जीबी रॅम असलेला आहे. क हा नवा, स्नॅपड्रॅगन ६९५ प्रोसेसर, ६ जीबी रॅम, यूएफएस (नव्या, वेगवान प्रकारचे) स्टोरेज आणि १२० हर्ट्झचा पडदा असलेला. तो दान आलेला नसून वाचनालयाच्या एका कार्यकर्त्याने पंधरा दिवसांसाठी, त्यातील माहिती पुसली जाईल याची पूर्ण कल्पना घेऊन, स्वखुशीने देऊ केला आहे.

४ जून

दोन्ही अ फोनांची मागची झाकणे किंचित फुगलेली दिसली. बॅटरी तीस टक्के दाखवत असतानाच फोन बंद पडत होते. खडे बाजारातील ज्या दुरुस्तीवाल्या मामांकडे मी नेहमी जातो, त्यांनी फोन हातात घेताच सांगितले, "मास्तर, आधी बॅटरी बघा की, मग सॉफ्टवेअरचं बघू." त्यांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. प्रोसेसरने एकाएकी जास्त विद्युतप्रवाह मागितला की व्होल्टेज झपकन खाली येते आणि टक्केवारी शिल्लक असूनही फोन विझतो. ॲपलने २०१७ साली आयओएस १०.२.१ या आवृत्तीत याच कारणासाठी जुन्या आयफोनांच्या प्रोसेसरचा वेग कमी करण्याची व्यवस्था घातली, ती ग्राहकांना स्पष्टपणे सांगितली नाही, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते जाहीर झाल्यावर बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणावा लागला. नवी बॅटरी घातली की तेच फोन पूर्वीच्या वेगाने चालू लागत.

दोन्ही अ फोनांना नव्या बॅटऱ्या बसवून घेतल्या. फुगलेल्या बॅटऱ्या मामांनी वाळूच्या डब्यात वेगळ्या ठेवल्या. त्या घंटागाडीत टाकायच्या नाहीत, हे मुलांनाही सांगितले पाहिजे.

८ जून

मोजणीची पद्धत ठरवली. फोन बंद अवस्थेतून लॉक पडद्यापर्यंत येण्याचा वेळ; दोनशेहून अधिक पानांचे, स्कॅन केलेले पुस्तक उघडून पन्नासाव्या पानापर्यंत जाण्याचा वेळ; एक ठरावीक परिच्छेद मराठीत व लगेच त्याच्याच खालचा कन्नडमध्ये टंकताना येणारा अडखळा; आणि अर्धा तास व्हिडिओ पाठ चालवल्यावर बॅटरीचे तापमान. प्रत्येक मोजणी तीनदा करायची आणि मधला आकडा धरायचा. दोन मोजण्यांच्या मध्ये फोन पंधरा मिनिटे निवांत ठेवायचा, कारण तापलेल्या फोनचा दुसरा आकडा पहिल्याशी तोलता येत नाही.

अ-१ आणि अ-२ जसे आले तसे मोजले. सुरू होण्यास चौऱ्याहत्तर आणि एकाहत्तर सेकंद, पुस्तकासाठी सुमारे अकरा सेकंद. स्टोरेजमध्ये एक जीबीसुद्धा जागा शिल्लक नव्हती. फ्लॅश मेमरीत जुन्या माहितीवर थेट नवी लिहिता येत नाही, आधी पूर्ण ठोकळा पुसावा लागतो. मोकळे ठोकळे संपले की प्रत्येक छोट्या लिखाणासाठी कंट्रोलरला आधी जागा करून घ्यावी लागते. सात-आठ वर्षे भरत आलेला फोन संथ वाटतो, त्यात या प्रकाराचा वाटा फार मोठा असतो.

त्यामुळे अ-१ वर कोणताही कस्टम रॉम न टाकता, मूळ अँड्रॉइड ७ कायम ठेवून, फक्त फॅक्टरी रीसेट केला, म्हणजे फोन पुसून नव्यासारखा केला. सुरू होण्याचा वेळ एकोणपन्नास सेकंदांवर आला आणि पुस्तक सहा सेकंदांत उघडले. ही नोंद मला या सबंध कामातील सर्वांत महत्त्वाची वाटते. रॉम टाकताना फोन पुसला जातोच. म्हणजे "रॉममुळे पळू लागला" असे जेव्हा सांगितले जाते तेव्हा तुलना भरलेल्या जुन्या फोनची आणि रिकाम्या नव्या रॉमची झालेली असते. रॉमचे स्वतःचे श्रेय किती, हे पाहायचे तर ते रीसेट केलेल्या मूळ फोनशीच तोलले पाहिजे.

१५ जून

अ-२ चा बूटलोडर (फोन सुरू होताना कोणते सॉफ्टवेअर चालू द्यायचे ते ठरवणारा भाग) अनलॉक केला. आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) स्टोरेजच्या ज्या पार्टिशनमध्ये, म्हणजे कप्प्यात, असतो त्याचा बॅकअप आधी काढून संगणकावर आणि पेनड्राइव्हवर, असा दोन ठिकाणी ठेवला. तो गेला तर फोनला नेटवर्क मिळत नाही आणि परत आणणे अतिशय कष्टाचे होते. बाहेर जांबोटीच्या बाजूने आलेला पाऊस धो धो कोसळत होता, वीज दोनदा गेली. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असल्यामुळे फ्लॅशिंग (फोनवर नवे सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम) मध्येच तुटले नाही.

अँड्रॉइड १३ वर आधारित रॉम आणि लिनक्सचा ४.९ कर्नल (हार्डवेअर चालवणारा सॉफ्टवेअरचा गाभा) बसवला. गुगलच्या सेवा मुद्दाम घातल्या नाहीत, कारण अभ्यासिकेतील फोनला पीडीएफ वाचक, ब्राउझर, कीबोर्ड आणि व्हिडिओ यांपलीकडे काही लागत नाही.

१६ ते १९ जून

निराशा झाली. रॉम टाकलेला अ-२ सुरू होण्यास त्रेसष्ट सेकंद घेत होता, पुस्तकाला नऊ सेकंद लागत होते, आणि हा प्रकार सलग चार दिवस तसाच राहिला. "जुन्या फोनवर नवे अँड्रॉइड झेपत नाही" असा निष्कर्ष मी वहीत लिहूनही ठेवला होता. तो चुकीचा होता. पुढची नोंद पाहावी.

२० ते २२ जून

चूक सापडली ती वाचनालयाच्या मेन स्विचमध्ये. आमचे शिपाईमामा रात्री नऊ वाजता कुलूप लावण्यापूर्वी मेन स्विच पाडतात, आणि जुन्या वायरिंगच्या इमारतीत ते योग्यच आहे. मात्र अँड्रॉइडची घरकामे रात्रीच होतात. अँड्रॉइड ७ पासून ॲप बसवताना ते पूर्णपणे यंत्रभाषेत रूपांतरित होत नाही. वापरताना कोणता भाग वारंवार लागतो त्याची नोंद होते, आणि फोन चार्जिंगला असून निवांत पडलेला असेल तेव्हा तेवढ्या भागाचे रूपांतर पार्श्वभूमीत केले जाते. स्टोरेजमधील पुसलेल्या जागा कंट्रोलरला कळवण्याचे ट्रिमचे कामही अशाच वेळी होते. वीज नाही, म्हणजे चार्जिंग नाही, म्हणजे ही दोन्ही कामे एकाही रात्री झाली नव्हती. अ-२ चार दिवस कच्च्या अवस्थेतच चालत होता.

दोन्ही अ फोन घरी आणले. कुलूपबंद इमारतीत रात्रभर चार्जिंग चालू ठेवणे मला मान्य नाही, म्हणून घरी, डोळ्यांसमोर, फरशीवर ठेवून दोन रात्री लावले. नंतरची मोजणी : मूळ अँड्रॉइड असलेला अ-१ सुरू होण्यास सत्तेचाळीस सेकंद, पुस्तकाला साडेपाच, रॉम असलेला अ-२ सुरू होण्यास पंचेचाळीस सेकंद, पुस्तकाला पाच. म्हणजे मूळ आणि रॉम यांतील अंतर जवळजवळ मोजणीच्या चुकीइतकेच उरले. १९ तारखेचा निष्कर्ष खोडला आहे, पण पान फाडलेले नाही. नवीन रॉम टाकून त्याच संध्याकाळी मत बनवणाऱ्या कोणालाही ते दाखवता येईल.

२३ जून

मेमरी. इथे मात्र दोन फोनांत खरा फरक दिसला आणि तो एका नववीतील मुलीने दाखवून दिला. ती अ-१ वर टंकत होती आणि म्हणाली, "सर, कन्नडातनं मराठीत आलो की ह्यो थांबतोय बघा." मी तिच्या शेजारी बसून पाहिले. ती 'ಬೆಳಗಾವಿ' लिहून भाषा बदलत होती आणि 'बेळगाव'चा 'बे' उमटायला मनात दोन अंक मोजण्याइतका वेळ जात होता. तेवढ्यात तिचे बोट पुढच्या अक्षरावर गेलेले असे, आणि शब्द 'बळगाव' असा उमटे.

कारण असे निघाले, की त्या फोनवर मराठीसाठी एक कीबोर्ड ॲप आणि कन्नडसाठी दुसरे होते. मेमरी कमी पडली की अँड्रॉइड पार्श्वभूमीतील प्रक्रिया बंद करते, आणि पुस्तक व ब्राउझर उघडे असताना नेमके न वापरातले कीबोर्ड ॲप बाहेर फेकले जात होते. भाषा बदलताच ते स्टोरेजमधून पहिल्यापासून उचलावे लागे. अ-२ वर हे होत नव्हते, कारण गुगलच्या सेवा नसल्याने मुळातच जागा मोकळी होती आणि झेडरॅमही चालू होती. झेडरॅममध्ये न वापरातली मेमरी रॅममध्येच दाबून, संकोचून ठेवली जाते. साधारण दोन-तीन पानांचा मजकूर एका पानाच्या जागेत मावतो आणि ॲप मारण्याऐवजी त्याला तसे बाजूला ठेवता येते. मोल मोजावे लागते ते प्रोसेसरच्या वेळात. स्नॅपड्रॅगन ६२५ मध्ये आठ कॉर्टेक्स-ए५३ कोअर आहेत आणि वाचनाच्या कामात त्यातील बरेचसे रिकामेच असतात, म्हणून हा सौदा इथे परवडतो.

मग अ-१ वर रॉम वगैरे काही न करता दोन्ही भाषा असलेले एकच कीबोर्ड ॲप ठेवले आणि दुसरे काढून टाकले. अडखळा गेला. सीमाभागात प्रत्येक मुलाला दोन लिप्यांत लिहावे लागते. आमच्यापुरता हा साधा बदल कित्येक कर्नलांहून मोलाचा आहे.

३० जून

अ-२ वर प्रोसेसरचा वेग २.० गिगाहर्ट्झवरून २.२ पर्यंत वाढवणारा कर्नल लावून पाहिला. कागदावर दहा टक्के वाढ. पुस्तक उघडण्याच्या वेळात मोजता येण्याजोगा फरक नाही, कारण तिथे वाट पाहावी लागते ती ईएमएमसीची. प्रोसेसर आधीच हात बांधून उभा असतो. अर्ध्या तासाच्या व्हिडिओनंतर बॅटरीचे तापमान मात्र पूर्वीपेक्षा तीन अंशांनी जास्त आले. चालू अवस्थेतील वीजखर्च हा वारंवारितेच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो, आणि वेग वाढवायचा तर व्होल्टेजही थोडे चढवावे लागते. म्हणून दहा टक्के वेगाची किंमत दहा टक्के विजेत भागत नाही. आमचे हवामान थंड म्हणून जून महिन्यात हे खपले, एप्रिलात खपले नसते. मूळ वेग पुन्हा लावला.

ॲनिमेशनचा कालावधी अर्धा करण्याची डेव्हलपर पर्यायांतील सोय मुलांना फार आवडली. तिने मोजणीतील एकही आकडा बदलत नाही, फक्त पडदा लवकर बदलल्यासारखा वाटतो. वाटणे हेही काही कमी नाही, म्हणून दोन्ही फोनांवर ती ठेवली आहे. आकड्यांत धरलेली नाही.

६ जुलै

आषाढी एकादशी. वाचनालय बंद. त्यानंतरचा आठवडा भाताच्या रोप लावणीत गेला. मुलेही शेतात होती.

१३ जुलै

ब फोन. याच्याबाबत मी आधीपासून साशंक होतो, परंतु अडचण वेगाच्या आधीच आली. ब्राउझरमध्ये अनेक संकेतस्थळे उघडताना सुरक्षिततेची सूचना येऊन काम थांबत होते. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रे (संकेतस्थळाची खरी ओळख पटवणारे डिजिटल दाखले) असंख्य संकेतस्थळे वापरतात. त्यांचे स्वतःचे मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या आवृत्त्यांना ओळखता येत नाही, आणि जुन्या फोनांसाठी केलेली जोडव्यवस्था सप्टेंबर २०२४ अखेर संपली. हार्डवेअर धडधाकट असून फोन इंटरनेटपासून तुटतो तो असा. फायरफॉक्स प्रमाणपत्रांची यादी स्वतःबरोबर बाळगतो, म्हणून तो बसवला आणि संकेतस्थळे उघडू लागली. पण १ जीबी रॅममध्ये फायरफॉक्स उघडला की दुसरे काहीच तग धरत नाही.

नव्या अँड्रॉइडचा रॉम यावर टाकण्याचा मोह आवरला. कॉर्टेक्स-ए७ मध्ये एईएस एन्क्रिप्शनसाठी (माहिती कूटबद्ध करण्याच्या रूढ पद्धतीसाठी) वेगळी यंत्रणा नाही, अ फोनांतील ए५३ मध्ये ती आहे. त्यामुळे स्टोरेज एन्क्रिप्ट केले की प्रत्येक वाचन-लेखनाचे गणित साध्या कोअरनाच करावे लागते. अशाच प्रोसेसरांसाठी गुगलने २०१९ साली ॲडिअँटम ही हलकी पद्धत आणली, पण ती वापरायची तर कर्नलमध्ये तशी सोय हवी आणि या फोनचा कर्नल फारच जुना आहे. झेडरॅम लावून पाहिली, तर चार दुबळे कोअर संकोचण्याच्या कामातच गुंतून पडले आणि पुस्तकाचे पान उलटायला आधीपेक्षा जास्त वेळ लागला. जे औषध अ-२ ला लागू पडले तेच याला बाधले.

ब वर इंटरनेट बंद ठेवून मराठी आणि कन्नड शब्दकोश व काही धडे भरून दिले आहेत. तेवढे काम तो नीट करतो.

२० जुलै ते २ ऑगस्ट

नवा फोन, म्हणजे क. पंधरा दिवसांच्या नोंदी एकत्र लिहितो.

मूळ सॉफ्टवेअरवरची मोजणी : सुरू होण्यास पंचवीस सेकंद, पुस्तक एका सेकंदाच्या आसपास. अनलॉक करून रॉम टाकला, दोन रात्री घरी चार्जिंगला लावला आणि मग मोजले, तर दोन्ही आकडे तेच. इथे भरून काढण्यासारखी तूटच नव्हती. सहा जीबी रॅममध्ये आमची चार कामे सहज मावतात, आणि यूएफएस स्टोरेज एकाच वेळी वाचू व लिहू शकते, जे ईएमएमसीला जमत नाही.

तोटे मात्र एकामागून एक दिसले. १२० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक चित्र ८.३३ मिलिसेकंदांत तयार व्हावे लागते, ६० हर्ट्झवर १६.६७ मिळतात. बोट पडद्याला लागताच दोन मोठ्या ए७८ कोअरना किती वेळ जागे ठेवायचे, सहा लहान ए५५ कोअरवर काम कधी ढकलायचे, फोन तापू लागला तर आधी कोणाचा वेग उतरवायचा, हे सारे बनवणाऱ्यांनी त्या त्या फोनसाठी बसवून पाहिलेले असते. रॉम करणाऱ्या स्वयंसेवकांना ती माहिती पूर्ण मिळत नाही. लांब पान सरकवताना मधूनच एक बारीक झटका येत होता. मूळ सॉफ्टवेअरवर तो नव्हता. रात्रभर नुसत्या पडलेल्या फोनची बॅटरी चार टक्क्यांऐवजी नऊ टक्के उतरली. कॅमेऱ्याने काढलेले फळ्याचे छायाचित्र कडांना धुरकट येऊ लागले, कारण चित्रावरची मूळ प्रक्रियाच गेली. बूटलोडर अनलॉक झाल्याने वाइडवाइन या व्हिडिओंच्या नकलेपासून संरक्षण करणाऱ्या यंत्रणेचा दर्जा एल१ वरून एल३ वर घसरला, म्हणून काही ॲपवर उंची प्रतीचे व्हिडिओ मिळेनात. कार्यकर्त्याचे बँकेचे ॲप उघडेना. प्ले इंटिग्रिटी ही गुगलची तपासणी अशा फोनला विश्वासार्ह मानत नाही. त्यावरचे आडमार्ग मला ठाऊक आहेत, पण दुसऱ्याच्या पैशांच्या व्यवहाराचा फोन आडमार्गावर ठेवणे मला पटत नाही.

३१ जुलैला मूळ सॉफ्टवेअर परत टाकले आणि त्याच आवृत्तीचे आहे याची खात्री करूनच बूटलोडर पुन्हा लॉक केला. दुसरे काही असताना लॉक केले असते तर फोन कायमचा बंद पडण्याचा धोका होता. मग एडीबीने (संगणकावरून फोनला आज्ञा देण्याच्या साधनाने) नको असलेली नऊ ॲप त्या वापरकर्त्यापुरती काढली. वेगात फरक नाही. दिवसाला येणाऱ्या निरुपयोगी सूचना मात्र थांबल्या, आणि कार्यकर्ता म्हणाला की त्याला हवे होते ते एवढेच.

१० ऑगस्ट

अ-२ अभ्यासिकेच्या टेबलावर कायम चार्जरला जोडलेला राहणार आहे. शंभर टक्क्यांवर सतत ठेवलेली बॅटरी पुन्हा फुगेल. म्हणून रूट करून (फोनच्या सॉफ्टवेअरवर पूर्ण अधिकार मिळवून) चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबेल आणि सत्तरवर पुन्हा सुरू होईल अशी व्यवस्था केली. मूळ अँड्रॉइड ७ मध्ये ही सोय नव्हती आणि रॉम टाकण्याला माझ्या मते हेच सर्वांत भक्कम कारण ठरले. दुसरे कारण सुरक्षा अपडेटचे आहे, पण त्याला मर्यादा आहे : वरच्या अँड्रॉइडला दुरुस्त्या मिळतात, ४.९ कर्नलचा मूळ लिनक्सकडील आधार मात्र जानेवारी २०२३ मध्ये संपला, आणि मोडेमसारख्या भागांचे फर्मवेअर जुनेच राहते. म्हणून त्यावर कोणाचेही खाते, ओटीपी किंवा पैशांचे ॲप टाकायचे नाही, असे कागदावर लिहून टेबलाला चिकटवले आहे, मराठीत आणि कन्नडमध्ये.

अ-१ मूळ सॉफ्टवेअरवरच ठेवून घरी नेण्यासाठी देण्याचे ठरले. त्यावर पुस्तके, एक कीबोर्ड आणि आठ जीबी मोकळी जागा एवढेच आहे.

शिपाईमामांशी बोललो. शनिवारी अभ्यासिका दुपारी रिकामी असते. त्या वेळी दोन ते पाच ते स्वतः बसून असतात आणि वीजही चालू असते. अ-२ ला कोणी हात न लावता तीन तास पडू द्यायचे, असे ठरले आहे. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात दर शनिवारच्या चौकटीत पेन्सिलीने 'फोन निजवणे' असे लिहून ठेवले. पहिला शनिवार १६ तारखेला.